प्लेगच्या जंतूचा आहार

पुणे–नगर महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे दूरवर ओळखले जाते. परंतु तेथील घरांत एक काम पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालत आले आहे. दूध तापवावे, कोमट होऊ द्यावे, त्यात चमचाभर विरजण घालावे आणि भांडे झाकून ठेवावे. पौषातील थंडीत भांड्याभोवती जाड कापड गुंडाळावे लागते. दूध फार गरम राहिले तर विरजण मरते, फार गार झाले तर दही लागत नाही. कोणत्या जिवाला कोणते अन्न आणि किती ऊब लागते, याचे हे ज्ञान कोणत्याही पुस्तकाविना घरोघरी नांदत आहे.

अशा घरातील एखादी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकण्यासाठी पुण्याला किंवा नगरला गेली की सुटीत आजी तिला हमखास विचारते, “तुमच्याकडे ते रोगाचे जंतू जिवंत ठेवतात म्हणे, त्यांना खायला काय घालता गं?” आणि घर जैन असेल तर पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, “त्यात मांस तर नसतं ना?” प्रश्न थट्टेत विचारलेले असले तरी अगदी योग्य आहेत. हे दोन्ही प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत गांभीर्याने पुढे आले होते, आणि त्यांच्या उत्तरांवर असंख्य माणसांचे प्राण अवलंबून होते.

जंतूंना मुद्दाम अन्न घालण्याची गरज का पडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. रोग्याच्या शरीरात जंतू असतात ते इतर अनेक गोष्टींच्या गर्दीत. त्यांना ओळखायचे, त्यांच्यापासून लस करायची किंवा त्यांच्यावर औषध चालते का हे पाहायचे, तर त्यांना वेगळे काढून वाढवावे लागते. जर्मन संशोधक रॉबर्ट कॉख यांनी प्रथम उकडलेल्या बटाट्याच्या कापावर आणि नंतर जिलेटिनवर जंतू वाढवले. जिलेटिन हे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेले. उबेत ते वितळे, आणि काही जंतू ते खाऊनच टाकत. ही अडचण दूर केली ती एका गृहिणीने. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी फळांची जेली घट्ट करण्यासाठी समुद्री शेवाळापासून काढलेले अगर वापरीत. तेच त्यांनी पतीला सुचवले. हे साधारण १८८१-८२ चे वर्ष. आपल्याकडे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून जे मिळते आणि शाकाहारी घरांत पुडिंगसाठी जिलेटिनऐवजी वापरले जाते, तेच हे अगर. जगातील प्रयोगशाळांत आजही जंतू त्याच्यावरच वाढवतात. मात्र अगर हे केवळ ताट आहे. ताटात काय वाढायचे, हा प्रश्न उरतोच.

मुंबईत हा प्रश्न प्लेगने आणला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रुग्ण ओळखला आणि काही आठवड्यांतच शहर ओस पडू लागले. साथ पुण्यात पोहोचली, मग दख्खनच्या गावागावांत. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्याच वर्षी २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. नगर-पुण्याकडील वृद्धांच्या बोलण्यात अजूनही ‘गाव बाहेर पडणे’ हा शब्दप्रयोग येतो. उंदीर पटापट मरू लागले की माणसे घरे सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. पुढील काही दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

सरकारने या कामी बोलावले ते वाल्डेमार हाफकिन यांना. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हे ज्यू शास्त्रज्ञ कॉलऱ्याच्या लशीसाठी आधीच हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक लहान खोली, तिच्यापुढील मार्गिका, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच संसार त्यांना मिळाला. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधून काढला, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. हाफकिन यांची कल्पना साधी होती. जंतू मोठ्या प्रमाणावर वाढवावेत, उष्णता देऊन मारावेत आणि ते मेलेले जंतू टोचून शरीराला आधीच सावध करावे. ‘मोठ्या प्रमाणावर’ या दोन शब्दांतच सारी अडचण होती.

युरोपात त्या काळी जंतू वाढवण्याचे रूढ अन्न म्हणजे गोमांसाचा अर्क. हिंदुस्थानात तो वापरला असता तर ती लस कोणी हिंदू दंडात घेता ना. डुकराचे मांस वापरले असते तर मुसलमान न घेता. १८५७ च्या काडतुसांची आठवण कोणीच विसरले नव्हते. म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस घेतले. ते आम्लात शिजवून त्यातील प्रथिने फोडली आणि मग क्षार घालून आम्लता मोडली. पोटात अन्न पचते तेव्हा जे होते, तेच भांड्यात घडवून आणलेले हे काम. पचवलेल्या या पाण्यात जंतू वाढू लागले, पण तळाशी विरळ. तेव्हा त्यांनी त्या द्रवावर तुपाचे थेंब सोडले. तूप पाण्यावर तरंगते; जंतूंनी त्याच्या खालच्या बाजूस आधार घेतला आणि तेथून द्रवात लोंबणाऱ्या, पांढुरक्या, गुहेतील लवणस्तंभांसारख्या माळा तयार झाल्या. वर हवा, खाली अन्न आणि मध्ये धरायला तुपाचा तराफा, अशी ती व्यवस्था होती. बाटली हलवली की माळा तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे पीक येई. अशी पाच-सहा पिके घेईपर्यंत पाच-सहा आठवडे जात. मग सारे तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक आम्लाची चिमूट घालायची आणि बाटल्या भरायच्या.

तुपाच्या थेंबाखाली मृत्यूचे बी वाढते आणि त्यातूनच मृत्यूला अडवणारी लस होते, हे चित्र विलक्षण आहे. तूप जंतूंचे मुख्य अन्न नव्हते. ते खात होते बकऱ्याचे पचलेले मांस. शाकाहारी कुटुंबांच्या दृष्टीने पाहिले तर हाफकिन यांच्या तडजोडीत त्यांचा विचार अर्धाच झाला होता. गाय आणि डुक्कर टाळले गेले, बकरा राहिला. ज्या जैन आणि वैष्णव कुटुंबांनी त्या काळी लस घेतली, त्यांनी रोगाची भीती आणि आहाराचा नियम यांत कौल कसा लावला असेल, याची आज कल्पनाच करावी लागते. लशीविषयी नाना वावड्या उठत होत्या. हे सारे ठाऊक असूनही हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला १० घनसेंटीमीटर लस टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले.

मागणी वाढत गेली, जागा अपुरी पडत गेली. अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या, आणि १९२५ साली या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. मधल्या काळात एक काळी तारीखही आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांचे नाव निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. तोवर त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे निघून गेली होती. ज्या द्रवात प्लेगचा जंतू आनंदाने वाढतो त्यात दुसराही एखादा वाढू शकतो, हा धडा मात्र सर्व जगाने त्यातून घेतला.

येथवर जंतूला काय आवडते एवढेच ठाऊक होते. त्याला नेमके काय लागते, हे कोणालाच माहीत नव्हते. पाहुण्याला भरलेले ताट वाढले आणि तो जेवून तृप्त झाला, एवढ्यावरून त्याला पोळी हवी होती की वरण, हे कळत नाही. मांसाचा अर्क हे तसेच भरलेले ताट. त्यात शेकडो पदार्थ, आणि प्रत्येक खेपेस प्रमाण निराळे. आजच्या बाटलीत जंतू जोमाने वाढले आणि पुढच्या महिन्याच्या बाटलीत रोडावले, तर कारण सांगणे कठीण. लशीचा जोर बाटलीगणिक बदलावा, हे कोणत्याही हिशेबी माणसाला न पटणारे.

हा हिशेब लावण्याचे काम परळमध्येच झाले. १९३२ साली साहिब सिंग सोखी हे या संस्थेचे संचालक झाले. लष्करी वैद्यकीय सेवेतील हे जीवरसायनशास्त्रज्ञ संस्थेचे पहिले भारतीय संचालक. (नृत्याची आवड असणाऱ्या वाचकांना त्यांच्या पत्नीचे नाव अधिक परिचयाचे असेल, कथक नृत्याला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या मॅडम मेनका त्या याच.) सोखी यांच्या कारकिर्दीत, १९३९ आणि १९४० साली, एम. एस. राव यांनी प्लेगच्या जंतूच्या पोषणविषयक गरजांवर ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केले. प्लेगच्या जंतूच्या आहारावर पुढे जगात जे संशोधन झाले, त्याच्या संदर्भांत राव यांचे नाव आरंभीच येते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाच्या कानावर नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

अशा संशोधनाची रीत वैद्याच्या पथ्यासारखी असते. मांस, दूध काही नको. शुद्ध पाण्यात मोजून घातलेले क्षार, थोडी शर्करा आणि प्रथिनांचे घटक असणारी अमिनो आम्ले एकेक करून मिसळायची. या मिश्रणात जंतू वाढले तर पुढच्या नळीत त्यातील एक पदार्थ वगळायचा. नळीतील पाणी गढूळ झाले, तर त्या पदार्थावाचून जंतूचे अडत नाही. पाणी नितळ राहिले, तर तो पदार्थ जंतू स्वतः बनवू शकत नाही, त्याला तो आयताच मिळावा लागतो. मग दुसरा वगळायचा, तिसरा वगळायचा. एकेका नळीसाठी दिवसेंदिवस थांबायचे, कारण हा जंतू सावकाश वाढणारा आहे. कंटाळवाणे वाटावे असे हे काम. ताळेबंदातील एका पैशाचा फरक शोधण्यासाठी रात्र जागवणाऱ्यांनाच त्याची गोडी कळेल.

राव यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांच्या कामातून जे चित्र उभे राहिले ते असे. प्लेगच्या जंतूला फेनिलअलानिन, मेथिओनिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन आणि ग्लायसिन ही अमिनो आम्ले बाहेरून लागतात. काहींच्या जागी त्यांचे जवळचे नातलग पदार्थ चालतात. याचा जवळचा भाऊबंद असलेला, माती-पाण्यातही तगून राहणारा एक जंतू आहे. प्लेगचा जंतू काही हजार वर्षांपूर्वी त्याच्यापासूनच निघाला. त्या भावाला मेथिओनिन स्वतः बनवता येते. प्लेगच्या जंतूकडेही ती कृती लिहिलेली आहे, पण तिच्यातील अक्षरे पुसली गेली आहेत. उंदराच्या रक्तात आणि पिसवेच्या पोटात आयते जेवण मिळू लागल्यावर स्वतः रांधण्याचे कौशल्य त्याने गमावले.

उष्णतेचा परिणाम त्याहून चमत्कारिक. सुमारे २८ अंश सेल्सिअसला, म्हणजे मुंबईच्या सर्वसाधारण हवेत, हा जंतू सर्वांत सुखाने वाढतो. हाफकिन यांच्या बाटल्यांना हे हवामान अनुकूलच होते. माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांना मात्र त्याच्या मागण्या वाढतात. तेथे त्याला पुरेसे कॅल्शियमही हवे असते. ते न मिळाल्यास त्याची वाढ थांबते, आणि शरीराच्या संरक्षक पेशींना निकामी करणारी प्रथिने मात्र तो भराभर तयार करू लागतो. जंतूचे पोषण आणि त्याची घातकता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे १९५० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांना कॅल्शियममुळेच उमगले.

राव यांच्या दुसऱ्या निबंधाचा विषय होता हिमॅटिन, म्हणजे रक्ताच्या लाल रंगद्रव्यातील लोहयुक्त भाग. प्लेगचे पुष्कळ जंतू एकदम सोडले तर वाढतात, पण अगदी थोडे सोडले तर उघड्या हवेत बहुधा मरून जातात, असा अनुभव होता. हवेतील प्राणवायूच एकट्या-दुकट्या जंतूला बाधतो. द्रावणात रक्ताचा अंश किंवा हिमॅटिन असले तर तो तरतो. ही बाब दिसायला किरकोळ, पण तिच्यावाचून जिवंत जंतूंची मोजणीच अशक्य होती. एकेक जंतू वाढून त्याचा स्वतंत्र ठिपका दिसेल तेव्हाच किती जंतू जिवंत होते हे मोजता येणार. सोखी यांनी १९३९ साली अशा मोजणीच्या पद्धतीवर निबंध लिहिला. लशीच्या एका मात्रेत किती जंतू आहेत, हे आता अंदाजाने नव्हे, आकड्याने सांगता येऊ लागले.

जंतूच्या आहाराच्या अभ्यासाने औषधाकडेही वाट काढली. १९४० साली सोखी आणि बी. बी. दीक्षित यांनी ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकात गाठीच्या प्लेगवर सल्फाथायाझोल या औषधाचा वापर कसा झाला, ते प्रसिद्ध केले. (दीक्षित हे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.) सल्फा औषधे काम कशी करतात, हे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डी. डी. वुड्स यांनी दाखवून दिले, आणि ते अक्षरशः जेवणातील फसवणुकीचे प्रकरण निघाले. जंतू फोलिक आम्ल स्वतः बनवतात आणि त्यासाठी त्यांना एक कच्चा पदार्थ लागतो. सल्फा औषध दिसायला हुबेहूब त्या पदार्थासारखे. जंतू ते उचलतो, आणि त्याची चूल बंद पडते. माणूस फोलिक आम्ल बनवतच नाही. ते त्याला पालेभाज्या आणि कडधान्ये यांतून मिळते, म्हणून या फसवणुकीत तो सापडत नाही. ज्या रोगापुढे १८९७ साली वैद्य हात टेकत होते, त्यातून रुग्ण उठून बसू लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले आणि प्लेग हा वेळेवर निदान झाल्यास बरा होणारा आजार ठरला.

आता आजीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जंतूला मांस लागत नाही, अमिनो आम्ले लागतात, हे एकदा कळल्यावर ती कोठून आणायची याला मोकळीक मिळाली. हाफकिन संस्थेने दुधाकडे पाहिले. दुधातील मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. दही लागताना घट्ट होते आणि फडक्यात बांधल्यावर चक्का होऊन उरते, ते प्रामुख्याने हेच. ते आम्लाने फोडले की जंतूला हवी असलेली अमिनो आम्ले त्या पाण्यात उतरतात. सोखी, हब्बू आणि भरुचा या तिघांनी १९५० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत केसीनच्या या द्रावणाची माहिती दिली. त्यात प्लेगची आणि कॉलऱ्याची अशा दोन्ही लशी तयार करता येत होत्या. हाफकिन यांचा बकरा अर्धशतकानंतर परळच्या भांड्यातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी दूध आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर वाचकांचा गैरसमज व्हायचा. हा बदल अहिंसेच्या विचाराने झाला नाही. केसीनचे द्रावण दर खेपेस सारखे तयार करता येते आणि जंतू त्यात चांगले वाढतात, म्हणून ते स्वीकारले गेले. शिवाय लशीचा जोर पाहण्यासाठी उंदरांवर प्रयोग होत होते, ते थांबले नाहीत. ज्या ज्ञानाने माणसे वाचली त्यात मुक्या प्राण्यांचे प्राणही खर्ची पडले. तो खर्च या वहीतून पुसून टाकणे प्रामाणिक होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर प्लेग मागे हटला आणि लोक त्याला विसरले. तो परत दारात आला तो १९९४ साली, आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी शेजारी. बीड जिल्ह्यातील मामला या गावी ऑगस्टमध्ये गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले आणि त्यांच्याबरोबर पिसवा आल्या, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचा गाजावाजा झाला आणि तेथून लाखो माणसे बाहेर पडली. नगर जिल्ह्यातील कितीतरी जैन कुटुंबांची सोयरीक कडा, आष्टी, बीड या बाजूला, आणि व्यापाराचे धागे सुरतेच्या कापड बाजारात. त्या पर्युषणानंतरच्या दिवसांत औषध दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाल्याचे अनेकांना आठवत असेल. हा खरोखर प्लेगच आहे काय, यावर तज्ज्ञांत बराच काळ वाद चालला. त्या वादाचे मूळ याच लेखाच्या विषयात होते. रुग्णाच्या नमुन्यातून जंतू वाढवून दाखवल्याशिवाय खात्रीने बोलता येत नाही. हा जंतू सावकाश वाढतो, आणि औषधाची गोळी आधीच पोटात गेली असेल तर वाढतही नाही.

हिमॅटिनची, म्हणजे लोहाची गोष्ट मात्र अजून पुरी झालेली नाही. माणसाच्या शरीरात लोह भरपूर असते, पण ते मोकळे पडलेले नसते. तिजोरीत कुलूपबंद ठेवावे तसे विशिष्ट प्रथिनांत बांधलेले असते. जंतूंना लोहावाचून वाढता येत नाही, म्हणून ते लोपवून ठेवणे हा शरीराच्या संरक्षणाचाच भाग आहे. प्लेगच्या जंतूकडे ते कुलूप फोडण्याची साधने आहेत. इंग्लंडमधील जॅक्सन आणि बरोज यांनी १९५६ साली दाखवले, की ही क्षमता हरवलेले जंतू उंदराला मारू शकत नाहीत. पण उंदराला जंतूंबरोबर लोहही टोचले तर तेच दुबळे जंतू पुन्हा जीवघेणे होतात. अशी दुबळी केलेली जात जगभर संशोधनासाठी निर्धास्तपणे वापरली जाऊ लागली.

सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात अशाच दुबळ्या जातीवर काम करणारे, साठीतील एक नामवंत संशोधक तापाने रुग्णालयात आले आणि त्याच दिवशी दगावले. त्यांच्या रक्तात तोच जंतू सापडला. निरुपद्रवी मानलेला जंतू माणसाला मारतो कसा, याचे उत्तर मृत्यूनंतरच्या तपासणीत मिळाले. त्यांना जन्मजात असा विकार होता की ज्यात शरीरात लोह प्रमाणाबाहेर साठत जाते, आणि तो विकार त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हता. जंतूला लोह मिळवता येत नव्हते. येथे ते आयते वाढून ठेवलेले होते. १९५६ साली उंदरात जे पाहिले गेले, तेच त्रेपन्न वर्षांनी एका माणसात घडले. हे वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. आपल्या घरांतील स्त्रियांत लोहाची कमतरता हाच मोठा प्रश्न आहे, आणि वर सांगितलेला विकार आपल्याकडे विरळा आहे.

मांसाच्या अर्काचा काळ पूर्ण संपला आहे असे नाही. अनेक माध्यमांत प्राणिज घटक अजून असतात; क्षयाचा जंतू वाढवण्याचे जुने, प्रसिद्ध माध्यम तर अंड्यांचेच आहे. तथापि युरोपात गुरांना ‘मॅड काऊ’ रोग झाल्यावर प्राणिज पदार्थांविषयी जगभर धास्ती बसली आणि वनस्पतिजन्य माध्यमांना मागणी आली. मुंबईच्या हायमीडिया या कंपनीने ‘हायव्हेज’ या नावाने अशी माध्यमे बाजारात आणली आहेत.

सुप्यातील औषध दुकानात इंजेक्शनची जी बाटली मिळते, तिच्यामागेही हाच आहारविचार उभा आहे. टोचायच्या औषधांची प्रत्येक खेप कारखान्यातून निघण्याआधी तिच्यातील नमुने पोषक द्रवांत घालून पाहतात. त्यांतला एक द्रव सोयाबीन आणि दुधाचे केसीन पचवून केलेला असतो. बहुतेक भुकेल्या जंतूंना भुलवील असे हे जेवण चौदा दिवस उबेत मांडून ठेवतात आणि कोणी जेवायला येते का, याची वाट पाहतात. चौदाव्या दिवशी बाटली उजेडासमोर धरतात. द्रव गढुळला असेल तर खेप अडकते; नितळ असेल तर पुढे जाते.